२ + २ = ४ जमतं, पण अ + ब = ब + अ पेआनोच्या गृहीतकांवरून सिद्ध करताना कुठे अडतं?

विश्रामबाग_गणित (सांगली)

नमस्कार. बी.एस्सी. भाग ३ च्या मुलांसाठी इथे सांगलीत शनिवारी दोन तासांचा वर्ग ठेवलाय. शाळेपासून गृहीत धरलेलं अंकगणित मुळापासून सिद्ध करून दाखवायचं. संचांपासून सुरुवात केली तर पहिला तास त्यातच जाईल, म्हणून थेट इटालियन गणिती पेआनो यांची गृहीतकं घेतोय. फळ्यावर एवढंच असेल:

गृहीतक १: ० ही नैसर्गिक संख्या आहे.
गृहीतक २: प्रत्येक संख्येला एक अनुगामी (लगेच पुढची संख्या) आहे. अ चा अनुगामी पु(अ) असा लिहू.
गृहीतक ३: ० हा कोणाचाच अनुगामी नाही.
गृहीतक ४: पु(अ) = पु(ब) असेल तर अ = ब.
गृहीतक ५ (विगमन): एखादा गुणधर्म ० ला आहे, आणि तो अ ला असला की पु(अ) लाही असतोच, तर तो सगळ्या संख्यांना आहे.

बेरजेची व्याख्या:
(बे१) अ + ० = अ
(बे२) अ + पु(ब) = पु(अ + ब)

चार गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, २ + २ = ४ सहा ओळींत येतं, पण त्यात गृहीतक ३, ४, ५ कुठेच वापरावी लागत नाहीत. काही सुटतंय का?

दोन, अ + ब = ब + अ साठी ब वर विगमन लावलं. अ + पु(ब) = पु(अ + ब) = पु(ब + अ) इथवर आलं. पुढे हवं आहे पु(ब) + अ. पण बे२ मुळे मिळतं ब + पु(अ). पु डावीकडच्या पदावर कसा न्यायचा? शिवाय पहिल्याच पायरीला ० + अ = अ लागतं, आणि बे१ ते सांगत नाही.

तीन, बे२ मध्ये दोन्ही बाजूंना + आहे. बेरजेची व्याख्या बेरीज वापरूनच केली, असं कुणी म्हटलं तर काय सांगायचं?

चार, "१ + १ = २ सिद्ध करायला साडेतीनशे पानं लागली" हे मुलं यूट्यूबवर ऐकून येतात. त्यातलं नेमकं खरं काय?

अजिंक्यतारा (सातारा)

सर, पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

२ + २ = ४ मध्ये काही सुटत नाही. १ = पु(०), २ = पु(१), ३ = पु(२), ४ = पु(३) अशा व्याख्या केल्यावर:

२ + २ = २ + पु(१) (२ ची व्याख्या)
= पु(२ + १) (बे२)
= पु(२ + पु(०)) (१ ची व्याख्या)
= पु(पु(२ + ०)) (बे२)
= पु(पु(२)) (बे१)
= पु(३) = ४

इथे नुसत्या व्याख्या उलगडल्या आहेत. दोन ठरावीक संख्यांची कोणतीही बेरीज अशीच सुटते. ५ + ७ ला बे२ सात वेळा आणि बे१ एकदा लागतं, बाकी काही नाही.

गृहीतक ३ आणि ४ लागतात ती "बरोबर नाही" म्हणायची वेळ आल्यावर. म्हणून माझा आग्रह आहे की त्याच तासात २ + २ ≠ ५ सुद्धा घ्या. समजा ४ = ५, म्हणजे पु(३) = पु(४). गृहीतक ४ लागोपाठ चार वेळा लावा: ३ = ४, २ = ३, १ = २, ० = १. पण १ म्हणजे पु(०), आणि गृहीतक ३ नुसार ० कोणाचाच अनुगामी नाही. विरोध आला.

ही दोन गृहीतकं खरोखर लागतातच हे दाखवायला फळ्यावर दोन छोट्या व्यवस्था काढा. पहिलीत एकच संख्या, ०, आणि पु(०) = ०. इथे फक्त गृहीतक ३ मोडतं. २ + २ = ४ इथेही खरं आहे, पण २ + २ = ५ हेही खरं आहे, कारण सगळ्या संख्या ० च. दुसरीत ० आणि १, पु(०) = १ आणि पु(१) = १. इथे गृहीतक ३ शाबूत आहे, विगमनही शाबूत आहे, पण गृहीतक ४ मोडतं. ४ आणि ५ या दोन्ही संख्या १ च ठरतात. गृहीतकांपैकी एक काढलं की काय कोसळतं हे मुलांना यातून पाच मिनिटांत दिसतं.

आता तुमची अडकलेली जागा. मुख्य विधानाला थेट हात घालायचा नाही. आधी दोन साहाय्यक विधानं.

(क) ० + अ = अ. विगमन अ वर. ० + ० = ० हे बे१. आता ० + अ = अ धरलं तर ० + पु(अ) = पु(० + अ) = पु(अ).

(ख) पु(अ) + ब = पु(अ + ब). अ कोणताही घ्या, पण तो स्थिर. विगमन ब वर.
ब = ० असताना: पु(अ) + ० = पु(अ) = पु(अ + ०).
पुढची पायरी: पु(अ) + पु(ब) = पु(पु(अ) + ब) बे२ मुळे, = पु(पु(अ + ब)) विगमनाच्या गृहीतामुळे, = पु(अ + पु(ब)) बे२ उलटी लावून.

तुम्हाला पु डावीकडे न्यायचा होता, ते काम (ख) करतं. मग मुख्य विधान, विगमन ब वर:
अ + ० = अ = ० + अ (बे१ आणि क).
अ + पु(ब) = पु(अ + ब) = पु(ब + अ) = पु(ब) + अ (बे२, विगमनाचं गृहीत, ख).

मुलं हमखास चुकतात त्या जागा सांगून ठेवतो. (ख) मध्ये विगमन अ वर लावायला जातात. मग पायरीला पु(पु(अ)) + ब समोर येतं आणि ते उघडताच येत नाही, कारण बे१, बे२ फक्त + च्या उजवीकडचं पद उघडतात. म्हणून विगमन नेहमी + च्या उजवीकडे असलेल्या अक्षरावर. दुसरी चूक: पु(अ) ऐवजी पहिल्या दिवसापासून अ + १ लिहिणं. अ + १ = पु(अ) हे दोन ओळींत येतं, पण १ + अ = पु(अ) ला (ख) आणि (क) दोन्ही लागतात. दोन्ही सारखेच दिसत असल्याने मुलं नकळत क्रमनिरपेक्षता (अ + ब = ब + अ) वापरून क्रमनिरपेक्षताच सिद्ध करतात. वहीत प्रत्येक "=" च्या पुढे कारण लिहायला लावलं की ही चूक लगेच पकडता येते.

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "ही रिकर्सिव्ह (मागच्या पायरीवरून पुढची ठरवणारी) व्याख्या आहे, चालते" एवढ्यावर सोडू नका. शंका रास्त आहे.

नेहमी दिलं जाणारं उत्तर असं असतं: ज्या ब साठी अ + ब ठरलेलं आहे अशा ब चा संच घ्या, ० त्यात आहे, ब असेल तर पु(ब) आहे, म्हणून विगमनाने सगळे आहेत. यात दोष आहे. + अजून अस्तित्वातच नाही, मग "अ + ब ठरलेलं आहे" ही संच ठरवणारी अट कशी होईल? जर्मन गणिती लांडाऊ यांनी १९३० साली संख्यांच्या पायावरचं त्यांचं पुस्तक काढलं तेव्हा नेमकी हीच हरकत त्यांचे सहकारी ग्रांजो यांनी घेतली होती, आणि लांडाऊंनी कालमार या गणितज्ञाची सिद्धता वापरून ती दूर केली. ती सिद्धता इतकी छोटी आहे की तुमच्या वर्गात सहज मावेल.

विधान: प्रत्येक अ साठी असं एक आणि एकच फलन फ आहे की फ(०) = अ आणि प्रत्येक ब साठी फ(पु(ब)) = पु(फ(ब)).

एकच का? अशी दोन फलनं असतील तर ० ला ती जुळतात, ब ला जुळली तर पु(ब) लाही जुळतात. विगमन ब वर, संपलं.

आहे का? इथे विगमन अ वर. अ = ० साठी फ(ब) = ब घ्या; दोन्ही अटी पाळल्या जातात. आता अ साठी फ मिळालं आहे असं धरा. पु(अ) साठी ग(ब) = पु(फ(ब)) घ्या. ग(०) = पु(फ(०)) = पु(अ). आणि ग(पु(ब)) = पु(फ(पु(ब))) = पु(पु(फ(ब))) = पु(ग(ब)). झालं. या फ(ब) लाच आपण अ + ब म्हणतो. बे१ आणि बे२ या आता व्याख्या राहत नाहीत, या फलनाचे सिद्ध झालेले गुणधर्म होतात.

यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे, ती मुलांना जरूर दाखवा. वरच्या सिद्धतेत गृहीतक ३ आणि ४ वापरलेलीच नाहीत, फक्त विगमन. म्हणून ०, १, २ आणि पुन्हा ० अशा घड्याळी चक्रातही बेरीज ठरते, गुणाकारही ठरतो. घातांक मात्र ठरत नाही: २ चा ० वा घात १, पहिला २, दुसरा ४ म्हणजे १, तिसरा पुन्हा २. पण या चक्रात ३ म्हणजेच ०, आणि ० वा घात तर १ होता. हेन्किन यांनी १९६० साली विगमनावर लिहिलेल्या लेखात हा भेद नीट मांडला आहे. घातांकासारख्या कोणत्याही रिकर्सिव्ह व्याख्येला आधार देणारं सर्वसाधारण प्रमेय डेडेकिंड यांचं, १८८८ चं. तिथे गृहीतक ३ आणि ४ दोन्ही लागतात.

एक सावधगिरी. तुम्ही जर प्रथम-क्रम तर्कशास्त्रातलं (जिथे "सगळ्या" हा शब्द फक्त संख्यांना लावता येतो, संचांना नाही) पेआनो अंकगणित घेतलंत, तर तिथे + हे मूळ चिन्हच असतं आणि बे१, बे२ ही गृहीतकं असतात. मग हा प्रश्न उद्भवतच नाही. दोन्हींपैकी काय करताय ते पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर लिहा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

तंबोरा (मिरज)

चौथ्या प्रश्नाकडे येण्याआधी एक जुनी सिद्धता सांगतो, कारण मुलं स्वतःहून तीच लिहितील. ती लाइबनिट्स यांची: २ = १ + १, ३ = २ + १, ४ = ३ + १. म्हणून २ + २ = २ + १ + १ = ३ + १ = ४. दिसायला निर्दोष. फ्रेगे यांनी १८८४ मध्ये दाखवून दिलं की कंस गाळल्यामुळे यातली फट दिसत नाही. २ + २ म्हणजे २ + (१ + १). पण ३ + १ म्हणजे (२ + १) + १. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला साहचर्य (कंस कसेही घातले तरी बेरीज तीच) लागतं, आणि ते सिद्ध केलेलं नाही, गृहीतही धरलेलं नाही.

तुमचं बे२ ही फट बुजवतं. पु(अ) म्हणजे अ + १ असं वाचलं तर बे२ सांगतं: अ + (ब + १) = (अ + ब) + १. साहचर्याचा एवढाच लहानसा तुकडा धरून बाकीचं विगमनाने उभं करायचं, ही कल्पना ग्रासमान यांनी १८६१ मध्ये मांडली. पेआनोंचं पुस्तक १८८९ चं.

आता ती साडेतीनशे पानं. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या "प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका"च्या पहिल्या खंडात (१९१०) ३७९ व्या पानावर ५४.४३ हे प्रमेय आहे. दुसऱ्या आवृत्तीत तेच ३६२ व्या पानावर येतं, तिथून हा आकडा पसरला. पण ते प्रमेय १ + १ = २ नाही! ते म्हणतं: दोन एक-घटकी वर्गांमध्ये सामाईक काही नसेल, तर आणि तरच त्यांच्या संयोगात दोन घटक असतात. बेरजेची व्याख्या तोवर झालेलीच नाही, आणि यावरून १ + १ = २ मिळेल असं लेखक तिथेच सांगतात. खुद्द १ + १ = २ येतं दुसऱ्या खंडात (१९१२), ११०.६४३ या क्रमांकाला.

आणि ती पानं या एका ओळीसाठी खर्ची पडलेली नाहीत. तिथे विधानांचं तर्कशास्त्र, वर्ग, संबंध, प्रकारांची उतरंड हे सगळं शून्यातून उभारलं आहे, आणि ५४.४३ ला त्यातला थोडाच भाग लागतो. तुम्ही पेआनोपासून निघता तेव्हा "संख्या म्हणजे काय" हा प्रश्न बाजूला ठेवता. त्यांनी तोच प्रश्न हाती घेतला होता. मुलांना एवढा फरक कळला तरी खूप झालं.

विश्रामबाग_गणित (सांगली)

फार मोलाची मदत झाली, सगळ्यांचे आभार. (क) आणि (ख) चा क्रम आता स्पष्ट आहे, कालमारची सिद्धताही घेणार.

एक हुशार मुलगी आहे वर्गात, ती नक्की विचारेल: ० + अ = अ इतकं साधं आहे, त्याला विगमन लागतंच हे कशावरून? विगमनाशिवायची सिद्धता आपल्याला सापडली नाही एवढंच नसेल कशावरून? आणि वेळ उरला तर गुणाकाराला हात घालावा का?

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

तिला प्रतिरूप दाखवा: जिथे विगमन सोडून बाकी सगळं खरं आहे, पण ० + अ = अ खोटं आहे, अशी व्यवस्था. ती मिळाली की विगमनाशिवाय सिद्धता असूच शकत नाही.

नेहमीच्या ०, १, २, ३… या संख्यांमध्ये दोन नवे घटक घाला, त आणि थ. पु(त) = त, पु(थ) = थ. गृहीतक ३ आणि ४ तपासा: ० अजूनही कोणाचाच अनुगामी नाही, दोन वेगळ्या घटकांचे अनुगामी वेगळेच आहेत. आता बेरीज:

नेहमीच्या संख्यांची आपसात नेहमीसारखी.
त + न = त, थ + न = थ (न ही नेहमीची संख्या).
डावीकडे काहीही असो, क्ष + त = थ आणि क्ष + थ = त.

बे१: त + ० = त, ठीक. बे२ मध्ये ब च्या जागी त घाला: डावी बाजू क्ष + पु(त) = क्ष + त = थ; उजवी बाजू पु(क्ष + त) = पु(थ) = थ. जुळलं. थ साठीही तसंच. पण ० + त = थ, त नव्हे. आणि त + थ = त, तर थ + त = थ, म्हणजे क्रमनिरपेक्षताही गेली.

दोन घटक का, एक का नाही? एकच त घातला तर बे२ मुळे ० + त हा स्वतःचाच अनुगामी असला पाहिजे. तसा घटक त एकटाच, त्यामुळे ० + त = त होऊन बसतं आणि प्रतिरूप निकामी. मुलांना आधी एका घटकाने प्रयत्न करू द्या, मग दुसरा घाला.

यात "० सोडून प्रत्येक जण कोणाचा तरी अनुगामी आहे" हेही खरं राहतं. विगमन काढून त्या जागी हे विधान ठेवलं आणि गुणाकाराची दोन समीकरणं घातली की राफेल रॉबिन्सन यांचं १९५० चं अंकगणित मिळतं. त्यात २ + २ = ४ सिद्ध होतं, २ + २ ≠ ५ सिद्ध होतं, ठरावीक संख्यांबद्दलची अशी सगळी विधानं निकालात निघतात. "सगळ्या अ साठी ० + अ = अ" मात्र नाही.

पसरणी_घाट (वाई)

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत पाऊण तास मिळाला तर हेच मुलांना स्वतःच्या हाताने करू द्या. लीन नावाच्या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीवर "नॅचरल नंबर गेम" आहे, केव्हिन बझर्ड आणि मोहम्मद पेद्रामफर यांनी बनवलेला. ब्राउझरमध्ये चालतो, काही बसवावं लागत नाही. सुरुवातीच्या विभागाच्या शेवटी २ + २ = ४ येतं, मग बेरजेच्या विभागात आधी (क), मग (ख), मग क्रमनिरपेक्षता, मग साहचर्य. वरचाच क्रम.

अडतं ते पुनर्लेखनाच्या आज्ञेपाशी. "क्रमनिरपेक्षता लाव" एवढंच सांगितलं तर ती पहिली सापडेल ती बेरीज उलटवते, हवी ती नाही. कोणत्या दोन अक्षरांवर लावायची ते आज्ञेतच लिहायचं. आणि "नमुना सापडला नाही" असा संदेश आला तर बहुतेक वेळा कंस वेगळे पडलेले असतात: पडद्यावर अ + ब + क दिसलं तरी लीनसाठी ते (अ + ब) + क असतं.

खेळाबाहेरच्या पूर्ण लीनमध्ये २ + २ = ४ ला "दोन्ही बाजू व्याख्येनेच सारख्या" एवढी एक आज्ञा पुरते. अ + ० = अ लाही पुरते. ० + अ = अ ला नाही पुरत, तिथे विगमनच करावं लागतं. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं यंत्रही देतं.

अजिंक्यतारा (सातारा)

गुणाकार दोन तासांत पूर्ण होणार नाही, पण साहचर्य उरकून घ्या, कारण गुणाकारात पहिल्याच वळणावर ते लागतं. विगमन क वर: (अ + ब) + पु(क) = पु((अ + ब) + क) = पु(अ + (ब + क)) = अ + पु(ब + क) = अ + (ब + पु(क)). क = ० असताना दोन्ही बाजू अ + ब.

गुणाकाराची व्याख्या: अ × ० = ० आणि अ × पु(ब) = अ × ब + अ. इथेही आधी दोन साहाय्यक विधानं: ० × अ = ०, आणि पु(अ) × ब = अ × ब + ब. दुसऱ्याची पायरी मुलांना घरी द्या, पण कुठे अडतील ते आधी सांगा. डावी बाजू उलगडली की पु((अ × ब + ब) + अ) येतं, उजवी उलगडली की पु((अ × ब + अ) + ब). शेवटची दोन पदं अदलाबदल करायची आहेत, म्हणजे बेरजेचं साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता दोन्ही हवीत. बेरजेचं काम अर्धवट सोडून गुणाकाराकडे वळलेली मुलं बरोबर इथे थांबतात.

त्यापुढे क्रमनिरपेक्षता, मग अ × (ब + क) = अ × ब + अ × क (विगमन क वर, बेरजेचं साहचर्य पुरतं), आणि सगळ्यात शेवटी गुणाकाराचं साहचर्य. वितरण, म्हणजे हे अ × (ब + क) चं विधान, आधी झालेलं नसेल तर त्याच्या विगमनाच्या पायरीत अ × (ब × क) + अ × ब वरून अ × (ब × क + ब) वर जाताच येत नाही.